वर्गात जिराफ, शिवारात बिबट्या

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याच्या आसपास प्रवरेकाठचा जो पट्टा आहे, तिथे दाट जंगल नाही. ऊस, मका, कांदा, टोमॅटो आणि मधेमधे मळ्यातल्या वस्त्या. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८च्या अखेरीस या शिवारात आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावले. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा हिशोब असा निघाला, की शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच बिबटे आणि तितकीच तरसं इथे राहतात. नुसती येऊन-जाऊन असतात असं नाही. इथेच मुक्काम, इथेच पिल्लं. आणि एवढी दाटी असूनही त्या खोऱ्यात बिबट्याने माणूस मारल्याची नोंद नव्हती.

आता याच पट्ट्यातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत भिंतीवर काय असेल, याचा अंदाज बांधायला तिथे जायची गरज नाही. ‘वन्य प्राणी’ नावाचा तक्ता राज्यभर सगळीकडे एकच मिळतो. वरच्या ओळीत आयाळ पिंजारलेला सिंह, शेजारी जिराफ, झेब्रा, पाणघोडा, कोपऱ्यात कांगारू. बिबट्या असलाच तर खालच्या ओळीत. तरस बहुधा नसतंच. कोल्ह्याच्या जागी युरोपातलं तांबडं, झुपकेदार शेपटीचं खोकड काढलेलं असतं, कारण चित्रकाराने ते इंग्रजी पुस्तकातून उचललेलं असतं. ज्या मुलीच्या घरामागच्या उसात रात्री मादी बिबट्या पिल्लांना घेऊन फिरते, ती मुलगी वर्गात ‘जी फॉर जिराफ’ म्हणते आणि परीक्षेत ‘जंगलाचा राजा कोण’ या प्रश्नाला ‘सिंह’ असं उत्तर लिहून एक गुण मिळवते. सिंह आज भारतात फक्त गुजरातमध्ये, गीर आणि भोवतालच्या मुलखात उरला आहे.

हा विसंगतीचा विनोद एवढ्यावर सोडून दिला असता, पण त्यामागे शिक्षणाची एक समजूत आहे, आणि ती चुकीची आहे. जंगल म्हणजे दूरची जागा, तिथले प्राणी म्हणजे पाहुणे, आणि त्यांच्याशी मुलाचं नातं म्हणजे त्यांना ‘वाचवण्याचं’ कर्तव्य, अशी ती समजूत. ओळख व्हायच्या आधीच मुलाच्या हातात घोषणेचा फलक दिला जातो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २००२मध्ये अँड्र्यू बॅमफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळेतल्या शंभरावर मुलांना दोन प्रकारची चित्रं दाखवली. एका गठ्ठ्यात तिथले नेहमीचे प्राणी, कीटक, झाडं. दुसऱ्यात पोकेमॉन या खेळातली काल्पनिक पात्रं. आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनची जवळपास ऐंशी टक्के पात्रं नावानिशी सांगता आली. खऱ्या सजीवांपैकी मात्र निम्म्याच्या आसपासच ओळखता आले. म्हणजे मुलांची स्मरणशक्ती कमी पडते हा आरोप निकालात निघाला. शेकड्याने नावं, त्यांचे रंग, सवयी, ताकद हे सगळं सातआठ वर्षांचं मूल सहज साठवतं. आपण त्याच्यापुढे काय ठेवतो एवढाच प्रश्न उरतो. फ्रान्समध्ये २०११ला झालेल्या अशाच एका पाहणीत मुलांना कोणते प्राणी वाचवावेसे वाटतात हे विचारलं, तर त्यांनी प्रामुख्याने परदेशी, पडद्यावर दिसणारे, गुबगुबीत प्राणी सांगितले. गावातली पाल, बेडूक, साप यांची बाजू घेणारं फारसं कोणी निघालं नाही.

आपल्याकडे कागदावर कसलीच कमतरता नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले. २००१-०२पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय हरित सेना शाळाशाळांत आली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह साजरा होतो. नोव्हेंबरात सालिम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांना जोडून पक्षी सप्ताह असतो. चित्रकला स्पर्धा, प्रभातफेरी, वाघाचे मुखवटे, ‘वाघ वाचवा’. ‘सँक्चुअरी एशिया’ने २०००मध्ये सुरू केलेल्या ‘किड्स फॉर टायगर्स’सारख्या उपक्रमांनी शहरी मुलांची एक पिढी वाघाच्या बाजूने उभी केली, हे मान्य करावंच लागेल; त्यातले कित्येक जण पुढे या क्षेत्रात आलेही. पण तिथे मुलांबरोबर चालणारी जाणती माणसं होती. तीच गोष्ट पत्रकाने ‘उपक्रम राबवून अहवाल सादर करावा’ म्हणून खाली येते, तेव्हा उरतो तो मुखवटा.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९०च्या दशकात एक मुद्दा मांडला होता. चौथीच्या आतल्या मुलांवर पर्यावरणाच्या शोकांतिकांचा मारा करू नये. जंगलतोड आणि नामशेष होणारे प्राणी यांची भीती घातली, तर मूल निसर्गापासून जवळ येण्याऐवजी आक्रसतं. आधी रमू द्या, काळजीचं पुढे बघू. पुण्यामुंबईच्या शाळांसाठी हा सल्ला रास्त आहे. सात वर्षांच्या मुलाला वितळणाऱ्या हिमनगांचं दडपण देण्यापेक्षा सोसायटीतल्या जांभळावर रात्री वटवाघळं कशी येतात हे दाखवलं, तर त्याला जास्त कळतं.

चंद्रपूर जिल्ह्यात मात्र हा सल्ला कोलमडतो.

२०२२च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत आणि त्यांतला मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. ताडोब्याच्या सीमेबाहेर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत, शेताला लागून असलेल्या झुडपी जंगलात वाघ राहतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला माणसं पहाटे रानात जातात. वाकून, बसून काम करतात. याच दिवसांत हल्ले होतात, बायका मरतात. तिथल्या दुसरीतिसरीच्या मुलाला शोकांतिका शिक्षकाने सांगावी लागत नाही. ती शेजारच्या घरातून निघालेली असते. अशा मुलाला ‘वाघ वाचवा’चा फलक धरून रांगेत उभं करणं हे अज्ञान नसेल, तर निर्दयपणा आहे. मुंबईतल्या मुलाच्या मनात वाघाबद्दल जागा करायची असते. इथे वाघाने ती आधीच व्यापलेली आहे, आणि शाळेचं काम त्या भीतीत थोडी माहिती मिसळण्याचं आहे. वाघ कोणत्या वेळी फिरतो, वाकलेला माणूस त्याला काय वाटत असेल, पिल्लं असलेली वाघीण का चिडते, नाल्याच्या वाळूत ठसा दिसला तर तो ताजा की जुना हे कसं ओळखायचं, आणि आपल्या घरच्या माणसांना काय सांगायचं. तिथल्या गावांत प्राथमिक कृती दलाची, म्हणजे ‘पीआरटी’ची पोरं हे काम रोज करतात. महिन्यातून एकदा त्यांच्यातला एक जण वर्गात आला, तर दहा तक्त्यांचं काम होईल. ताडोबा प्रकल्पाने आसपासच्या गावांतल्या विद्यार्थ्यांना जंगल दाखवण्याचा ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम चालवला, ही चांगलीच गोष्ट. ज्यांच्या शेताची वाघ नासधूस होऊ देत नाही (रानडुकरं, चितळ खाऊन) आणि ज्यांच्या गाईही तोच नेतो, त्या घरांतली मुलं पर्यटकांच्या जिप्सीची धूळ खात आली होती.

प्राण्यांविषयीचं शिक्षण म्हणजे संस्कार, असं धरून चालल्यामुळे त्यातला जीव वाचवणारा भाग मागे पडतो. सापाचंच घ्या. २०००पासून २०१९पर्यंतच्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत चौथाईहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं होती, असं २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मृत्यूंच्या देशव्यापी अभ्यासात दिसलं. महाराष्ट्रात माणसाला धोका असलेले मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चार चित्रं ओळखायला सात वर्षांच्या मुलाला एक तास पुरतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याची जागा कित्येकदा दुखतही नाही, सुजतही नाही, म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. बिनविषारी कवड्या तिच्यासारखाच दिसतो, पण त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. मण्यारीचे डोक्यापासून बरेच मागे. हा फरक कळला म्हणून मुलाने साप धरायला जाऊ नये, तेही त्याच तासात सांगायचं. पावसाळ्यात खाटेवर किंवा मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायचं, रात्री विजेरी घेऊन बाहेर पडायचं, चावलं तर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठायचा. ‘एनसीईआरटी’च्या २००५च्या आराखड्यानंतर आलेल्या पाचवीच्या पुस्तकात गारुड्याच्या घरातल्या मुलाच्या तोंडून सापांचा धडा होता आणि त्यात हे चार सापही होते. पुस्तक चांगलं असलं की काय करता येतं, याचा तो नमुना. आपल्याकडे नागपंचमीला वर्गात नागाचं चित्र रंगवतात, दूध पाजण्याची गोष्ट सांगतात, आणि साप दूध पीत नाही हे सांगायला एक दिवस मिळत नाही.

बिबट्याचंही तसंच. अकोल्यात सापडलेल्या विष्ठेच्या अभ्यासावरून बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा वजनाने चाळीस टक्क्यांच्या आसपास निघाला. ही एक गोष्ट मुलाला कळली, की पुढची साखळी ते स्वतः लावतं: उकिरडा, उकिरड्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, आणि त्याच उकिरड्यापलीकडे अंधारात आपण शौचाला बसतो. बसलेला माणूस आणि लहान मूल बिबट्याच्या नजरेला भक्ष्याच्या उंचीचं दिसतं. जुन्नर-शिरूर भागात मुलं दगावली, त्यानंतर उसळणाऱ्या संतापात ‘सगळे बिबटे पकडून न्या’ ही मागणी स्वाभाविकपणे येते. पण पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे हल्ले वाढल्याचं याच जुन्नरच्या अनुभवावर आधारलेल्या संशोधनात २०११मध्ये मांडलं गेलं आहे. माघारी येणाऱ्या, रानोमाळ भटकणाऱ्या अशा बिबट्याची गोष्ट हवी असेल, तर ती तयार आहे. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर २००९मध्ये गळ्यात रेडिओपट्टा बांधून माळशेजला सोडला. तो शंभरावर किलोमीटर चालत, रेल्वेचे रूळ आणि महामार्ग ओलांडत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भागात पोचला. संशोधकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटलं, पुढे त्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला. चौथीच्या वर्गात नकाशा पसरून या आजोबाची वाट बोटाने दाखवली, की भूगोल, गणित आणि मार्जारकुळ एकाच तासात होतं. एवढी आयती गोष्ट हाताशी असताना ‘ससा आणि सिंह’ चौथ्यांदा कशाला सांगायची?

इथे एक हरकत येते आणि ती टाळण्याजोगी नाही. मुलांना फक्त गावातलेच प्राणी का दाखवायचे? जिराफ पाहून हरखून जाण्याचा हक्क अकोल्याच्या मुलालाही आहेच. आहे, बेलाशक आहे. टीव्ही आणि मोबाइल ती हौस पुरेपूर पुरवतात. शाळेने करायचं ते काम दुसरं आहे, कारण घरामागच्या तरसाबद्दल बोलायला शाळेशिवाय कोणी नाही. शेकरू राज्यप्राणी आहे हे शिष्यवृत्तीची तयारी करणारं प्रत्येक मूल पाठ करतं. तेच मूल भीमाशंकरला सहलीला गेलं तर मान वर करून झाडाच्या शेंड्यातलं काटक्यांचं घरटं बघत नाही, कारण शेकरू एकाहून जास्त घरटी बांधून ठेवतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. सहल मात्र देवळात आणि प्रसादाच्या रांगेत संपते.

उलट्या बाजूलाही एक अडचण आहे, आणि ती जास्त अवघड. जंगलालगतच्या मुलांना प्राण्यांची ओळख शिकवावी लागत नाही. ती शिक्षकापेक्षा जास्त जाणतात. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, भामरागडच्या माडिया मुलाला आवाजावरून पक्षी सांगता येतो, विष्ठेवरून जनावर सांगता येतं. पण त्या मुलाच्या खिशात गलोलही असते. बाहेरून बदली होऊन आलेला शिक्षक पहिल्या दिवशी गलोल जप्त करतो आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ समजावतो. त्या क्षणी मुलाचं सगळं ज्ञान गुन्ह्याच्या यादीत जातं. यापुढे ते वर्गात तोंड उघडत नाही.

सालिम अलींची गोष्ट इथे उगाच आठवत नाही. मुंबईत वाढणाऱ्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून १९०८च्या सुमारास ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला झापलं नाही. पिवळ्या कंठाची चिमणी म्हणून ओळख पटवून दिली, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुस्तकं दिली. आज तोच मुलगा मेलेला पक्षी घेऊन शाळेत आला, तर पालकांना बोलावणं जाईल.

हेमलकशातल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या प्राणिघराची सुरुवातही अशीच. १९७३मध्ये तिथे गेलेल्या डॉ. प्रकाश आमटेंना माडिया शिकारी मारलेली माकडं नेताना भेटले. एक पिल्लू आईच्या मृत शरीराला चिकटून होतं. आमटेंनी ते पिल्लू मागून घेतलं. शिकार पोटासाठी होती, मौजेसाठी नव्हती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तिथे प्रवचन दिलं नाही. पुढे लोक स्वतःच पोरकी पिल्लं आणून देऊ लागले, आणि लोकबिरादरीच्या शाळेतली मुलं बिबट्या, अस्वल, मगर यांच्या शेजारी वाढली. मोठं उदाहरण नागालँडचं. २०१२मध्ये पांगती आणि आसपासच्या गावांत दोयांग जलाशयावर स्थलांतर करून येणारे अमूर ससाणे हंगामात रोज बारा-चौदा हजारांच्या संख्येने जाळ्यात धरून मारले जात असल्याचं उघड झालं. सायबेरियातून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जाणारे हे पक्षी गावासाठी हंगामी उत्पन्न होतं. पुढच्याच वर्षी शिकार थांबली. ग्रामसभा, चर्च, वनखातं, बानो हरालू आणि त्यांचे सहकारी या सगळ्यांनी ते घडवलं. त्यात एक बाजू होती गावोगाव काढलेल्या मुलांच्या निसर्ग मंडळांची. तिथल्या मुलांना ‘तुमचे आईबाप गुन्हेगार’ असं शिकवलं नाही. हा पक्षी कुठून येतो, कुठे जातो, वाटेत किती समुद्र ओलांडतो हे शिकवलं, आणि ससाण्यांच्या पाठीवर बसवलेल्या उपग्रह यंत्रांना वोखा, पांगती अशी गावांचीच नावं दिली. मुलं आपल्या गावाचा पक्षी सोमालियात पोचला का हे विचारू लागली. मारुती चितमपल्लींचा मोठेपणाही बराचसा हाच होता. वनाधिकारी असूनही ते नवेगावबांधच्या माधवराव पाटलांकडे, गोंड आणि ढिवरांकडे शिकायला बसले.

मग करायचं काय? नवी योजना तर मुळीच नको. महाराष्ट्रात तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हानिहाय निघत आलं आहे, आणि ही आपल्या राज्याची मोठी जमेची बाजू आहे. त्यात जिल्ह्यातल्या नद्या, तालुके, पिकं असतात. तशीच जिल्ह्यातल्या पाचसहा प्राण्यांची, तिथल्याच कॅमेऱ्यात टिपलेली, खरी छायाचित्रं का असू नयेत? वनखात्याकडे असे हजारो फोटो आहेत, ते संगणकात पडून आहेत. बीटचा वनरक्षक शाळेपासून चारपाच किलोमीटरवर राहतो. त्याला वन्यजीव सप्ताहात हार घालून भाषणाला उभं करण्यापेक्षा, आपल्याच ओढ्यावर रात्री कोण पाणी प्यायला आलं होतं याचे फोटो घेऊन बोलवावं. भाषण फारसं जमत नाही अशी माणसंही फोटो दाखवताना छान बोलतात. शिक्षकांवर आधीच निवडणूक, जनगणना, खिचडी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा भार आहे. त्यांनी सर्पतज्ज्ञ व्हावं ही अपेक्षा अन्यायाची. वर्गातल्या ज्या मुलाला ठसे कळतात, त्याला पुढे बोलावण्याएवढा मोकळेपणा मात्र कोणत्याही परिपत्रकाशिवाय आणता येतो.

तरीही जिल्हानिहाय पुस्तकात एक मोठं भोक राहतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, गेवराईकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या जुन्नर, शिरूर, अकोले, संगमनेरकडे निघतात. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे नवराबायकोचा कोयता फडात उतरतो आणि लहान पोरं बांधावर, अर्धवट अंधारात, एकमेकांना सांभाळत बसतात. ऊस तोडला जातो तसतशी बिबट्याची लपण आकसत जाते. फडात पिल्लं सापडतात. बिबट्याशी गाठ पडण्याचा धोका सर्वांत जास्त ज्यांना, ती ही मुलं. त्यांतल्या ज्यांच्या दप्तरात परिसर अभ्यासाचं पुस्तक असेल, ते बहुधा बीड जिल्ह्याचं असतं, इथल्या शिवाराचं नसतं. काही मुलं गावाकडच्या हंगामी वसतिगृहात राहतात, काही साखरशाळेत जातात. कितीतरी कुठेच जात नाहीत.

या मुलांपर्यंत वर्ग घेऊनच जावं लागेल. कारखान्याचा चिटबॉय हंगामभर रोज फडावर जातो, कोणती टोळी कुठे उतरली आहे हे त्याला ठाऊक असतं. गळीत सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात वनरक्षकाने त्याच्या दुचाकीमागे बसून कोप्यांवर फिरावं, संध्याकाळी, पोरं चुलीभोवती असताना. मोबाइलवर चारपाच फोटो पुरेत: बिबट्याचा ठसा आणि कुत्र्याचा ठसा शेजारीशेजारी, उसाच्या सरीत दोन पिल्लं, आणि त्यांना हात न लावता तसंच ठेवल्यावर रात्री येऊन त्यांना तोंडात धरून नेणारी आई, मण्यार. कोपीच्या तोंडाशी कंदील कुठे टांगायचा, धाकट्याला एकट्याने उसाकडेला का बसवायचं नाही, आणि बिबट्या दिसलाच तर पळायचं का नाही, हे मोठ्या बहिणीला सांगावं. कारण दिवसभर सगळ्यांना तीच सांभाळते.